गाजराची पुंगी

नोव्हेंबर २०१९ चा पहिला रविवार. दिल्लीच्या हवेचा निर्देशांक ४९४. मोजपट्टीच ५०० ला संपते म्हणून ४९४. पट्टी लांब असती तर आकडाही लांबला असता. शाळा बंद, विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवलेली, आणि दोनच दिवस आधी प्रदूषण नियंत्रण प्राधिकरणाने राजधानीत सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केलेली. असा मुहूर्त साधून तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, जे स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि चांदनी चौकाचे खासदार, त्यांनी ट्विटरवरून जनतेला गाजर खायला सांगितलं. अ जीवनसत्त्व मिळतं, रातांधळेपणा टळतो आणि प्रदूषणाने होणाऱ्या इतर त्रासांवरही गाजर गुणकारी असतं म्हणे. पर्यावरणमंत्री होते आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर. त्यांनी वीणावादनाची एक चित्रफीत पाठवली आणि दिवसाची सुरुवात संगीताने करा असं सुचवलं.

एका मंत्र्याकडे गाजर, दुसऱ्याकडे वाद्य. मराठीत या दोन खात्यांचं विलीनीकरण फार पूर्वीच होऊन गेलंय. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.

त्याच सुमारास शेजारच्या उत्तर प्रदेशातल्या एका मंत्र्यांनी इंद्राला प्रसन्न करण्यासाठी यज्ञ करा, असा सल्ला दिला. धुरावर उतारा म्हणून धूर. होमिओपॅथीच्या तत्त्वात हे अगदी चपखल बसतं, म्हणजे फाइल आयुष मंत्रालयाकडे पाठवायला हरकत नाही.

आता हिशेबाचं एक चिटोरं. २०१४ ते २०१७ या काळात पंतप्रधान कार्यालय आणि इतर काही सरकारी खात्यांसाठी मिळून हवा शुद्ध करणारी १४० यंत्रं विकत घेतली गेली, खर्च सुमारे ३६ लाख रुपये. रॉयटर्सने २०१८ मध्ये ही बातमी दिली होती. गाजरांच्या खरेदीची निविदा मात्र माझ्या पाहण्यात आलेली नाही. जनतेसाठी उलटा न्याय: ताज्या गाजरावर जीएसटी शून्य आणि त्या यंत्रावर १८ टक्के. सरकारचं मन ओळखायचं असेल तर भाषणं कशाला ऐकायची, कराची पावती वाचावी.

पारंपरिक आहार आणि निसर्गाला धरून राहणं यावर राज्यकर्त्यांचं एवढं प्रेम का, हे यावरून कळतं. हवा शुद्ध करायची म्हणजे वाहनं, कारखाने, बांधकामं, शेती अशा चार जणांशी वैर घ्यायचं. गाजर खायला सांगायचं म्हणजे कुणाशीच वैर नाही. आरोग्याची जबाबदारी अलगद उचलून तुमच्या डब्यात ठेवता येते. उद्या खोकला झालाच, तर डब्यात काय होतं ते आधी सांगा.

नोव्हेंबरच्या पहाटे लोदी गार्डनमध्ये किंवा नोएडाच्या कुठल्याही सोसायटीच्या हिरवळीवर पाहा. मंडळी मांडी घालून, डोळे मिटून प्राणायाम करताना दिसतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हवेतल्या बारीक कणांची वर्षभराची सरासरी पाच मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपण भारतीय उदार, म्हणून आपली मर्यादा चाळीस. दिल्लीची सरासरी शंभरच्या आसपास आणि हिवाळ्यात तिच्या कितीतरी पट. अशा हवेत दीर्घ श्वास घ्यायचा, तो रोखून धरायचा आणि वर त्याला निसर्गाशी एकरूप होणं म्हणायचं. एकरूपता होते यात शंकाच नाही. फुप्फुसाचा रंग हळूहळू रिंग रोडसारखा होतो.

गुळाचं तेच. दिल्लीत हिवाळा लागला की जो तो दुसऱ्याला गुळाचा खडा देतो, 'प्रदूषण निघून जातं'. या समजुतीमागे खरोखर एक अभ्यास आहे. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये तो प्रसिद्ध केला. धूळ दिलेल्या उंदरांना गूळ खायला घातल्यावर कण फुप्फुसातून लसिका ग्रंथींकडे जास्त सरकताना दिसले. उंदीर भाग्यवान. त्यांना एकदा धूळ दिली, मग गूळ दिला आणि निरीक्षण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांना आश्रम चौकात बसची वाट बघत उभं केलं नव्हतं.

ज्यांना परवडतं ते खरा निसर्गोपचार घेतात, म्हणजे दिल्ली सोडतात. मुख्यमंत्री असताना अरविंद केजरीवाल २०१५ मध्ये हट्टी खोकल्यावर निसर्गोपचार घ्यायला बंगळूरला गेले होते. नागपूरचे नितीन गडकरी तर जाहीरपणे सांगतात की दिल्लीत राहायला आवडत नाही, इथल्या प्रदूषणाने संसर्ग होतो. रस्ते वाहतूक मंत्र्यांनी रस्त्यावरच्या हवेविषयी दिलेला हा अहवाल मी तरी पूर्ण विश्वासार्ह मानतो.

यमुनेचंही ऐकून घ्या. केजरीवाल यांनी यमुना स्वच्छ करून तिच्यात स्वतः डुबकी मारण्याचा शब्द दिला होता; तो न पाळण्याचं शहाणपण त्यांनी दाखवलं. त्यांचा निषेध म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली भाजपचे अध्यक्ष वीरेंद्र सचदेवा यांनी डुबकी मारली. दोन दिवसांत अंगाला खाज, श्वासाला त्रास आणि राममनोहर लोहिया रुग्णालय. नदीस्नानाने काया शुद्ध होते ही परंपरा खोटी नाही, पण ती नदीविषयी होती.

आता जेवणाकडे वळू. गुडगावकडे. (कागदोपत्री २०१६ पासून गुरुग्राम; रिक्षावाल्याला अजून कळवलेलं नाही.) आज जिथे चाळीस मजली इमारती आहेत तिथे एका पिढीआधी बाजरी आणि मोहरी होती. दक्षिण हरियाणा हा बाजरीचाच पट्टा आहे: महेंद्रगड, रेवाडी, भिवानी, झज्जर आणि खुद्द गुडगाव. पटौदी, फर्रुखनगरकडे गाडी काढली तर बाजरी आजही शेतात उभी दिसेल. तर ही बाजरी इथल्या मॉलमध्ये परत आली आहे. काचेच्या बरणीत, कुकीच्या आणि मफिनच्या रूपात, बरणीवर एका सुरकुतलेल्या आजीचं रेखाचित्र. आजीचं चित्र असलं की किंमत तिप्पट होते. खरी आजी दुकानात आली तर सुरक्षारक्षक तिला फाटकावर अडवेल.

सुरक्षारक्षकाचीच गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या फाटकावरचा रखवालदार महेंद्रगडकडचा. लहानपणी हिवाळाभर बाजरीची रोटी, वर तूप-गूळ, रात्री बाजरीची खिचडी, असं तो सांगतो. आता बारा तासांची पाळी. दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीवरचा ब्रेड पकोडा, संध्याकाळी चहात मैद्याची मठरी. एकदा मी शहाण्यासारखं विचारलं, बाजरी का सोडलीस? तो म्हणाला, "साहब, रोटी बनाएगा कौन?" एका खोलीत पाच जण, पाचांच्या पाळ्या वेगळ्या आणि गॅसची छोटी टाकी. बाजरीची रोटी तव्यावरून ताटात आली पाहिजे. डब्यात चार तास राहिली की चामडं. शिवाय बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं. गावात आठवड्याला लागेल तेवढंच दळून आणायचे. इथे दळणार कुठे आणि ठेवणार कुठे? तेवढ्यात स्कूटरवरून एक मुलगा आला, चौदाव्या मजल्यासाठी काहीतरी घेऊन. रखवालदाराने वहीत नोंद केली आणि त्याला लिफ्टकडे पाठवलं. पुडक्यावर लिहिलं होतं, 'बाजरा खिचडी बोल'.

ही खिचडी मे महिन्यातही मिळते. आपल्याकडे बाजरी संक्रांतीच्या आसपासची, भोगीला तीळ लावलेली. उन्हाळ्यात कुणी बाजरी थापली तर सासू म्हणायची उष्ण पडेल. चौदाव्या मजल्यावर ही अडचण नाही. तिथे बारा महिने तापमान बावीस.

दिल्लीतल्या मराठी माणसाचं दुखणं वेगळं आहे, ते ज्वारीचं. करोलबाग-पहाडगंजच्या जुन्या घरांत झेलम एक्सप्रेसने येणाऱ्या पाहुण्याकडे दोनच मागण्या असायच्या, गोडा मसाला आणि ज्वारीचं पीठ. पाहुणा नाही आला तरी चालेल, पिशवी पाठवा. आता पीठ दहा मिनिटांत दारात येतं, पण त्याला विरी नसते. कधी दळलंय कोण जाणे. उकळतं पाणी घाला, मळून मळून मनगट मोडा, थापायला घेतली की भाकरीला कडेने भेगा पडतात आणि परातीतून उचलताना तिचे दोन तुकडे हातात येतात. मग मोबाइलवरच्या ताई मदतीला येतात. गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवायचा, वरून लाटणं फिरवायचं, पीठ धरत नसेल तर थोडा मैदा घालायचा, चिमूटभर इसबगोल. झाली ग्लुटेनमुक्त पारंपरिक भाकरी. मैदा घातलेली ग्लुटेनमुक्त भाकरी हा शोध फक्त आपणच लावू शकतो.

सरकारनेही भरड धान्यांसाठी कमी केलं नाही. २०१८ मध्ये त्यांना 'पोषक धान्य' केलं, २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न'. पाच वर्षांत दोन बढत्या. पगार मात्र पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये किलो, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया. तिघांत सर्वांत खालचा भाव ज्याला, तेच नंतर श्रीमंत अन्न झालं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून भरड धान्यांचं वर्ष ठरवलं. वर्ष लागायच्या आधी, डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत खासदारांना बाजरी-ज्वारी-नाचणीचं जेवण झालं. मार्चमध्ये पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत जागतिक परिषद झाली. सप्टेंबरमध्ये जी-२० च्या पाहुण्यांना भारत मंडपम्‌मध्ये राळ्याच्या कुरकुरीत पानांवर दही आणि शेवटी वेलचीच्या वासाची भगरीची खीर मिळाली. म्हणजे राष्ट्रप्रमुखांना आपण एकादशी घडवली. त्याच मेजवानीत पोळीच्या जागी महाराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून कोण होतं? मुंबईचा पाव. भरड धान्यांच्या वर्षात मैद्याला निमंत्रण, आणि मंगळवेढ्याची ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ती घरी. भरड धान्याच्या पिठाच्या तयार मिश्रणांवर १८ टक्के कर होता, तो पाकीटबंद मालासाठी पाच टक्क्यांवर आला ऑक्टोबरमध्ये; वर्ष संपायला तीन महिनेही उरले नव्हते.

खरी गंमत गोदामात आहे. २०२४-२५ मध्ये बाजरीचा हमीभाव होता क्विंटलला २,६२५ रुपये आणि साध्या भाताचा २,३००. कागदावर बाजरी महाग. पण पंजाबात मंडईत आलेला भात सरकार जवळजवळ झाडून उचलतं आणि बाजरीच्या शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी भाव फक्त वाचायला मिळतो. शेतकरी काय पेरेल? पंजाबात १९६०-६१ मध्ये भात होता सव्वादोन लाख हेक्टरांवर. आज तो तीस लाखांच्या पुढे आहे. आणि पंजाबी माणूस काही भातखाऊ नव्हे. जो माणूस मक्याची रोटी खातो तो देशाच्या रेशनसाठी तांदूळ पिकवतो. त्यासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की २००९ मध्ये कायदा करून लावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलावी लागली. लावणी पुढे गेली, कापणी ऑक्टोबरअखेर आली, गहू पेरायला हातात दोन-तीन आठवडे उरले आणि धसकटं काढायचा स्वस्त उपाय म्हणजे आगपेटी. वारा दिल्लीकडे.

दिल्लीचा सगळा धूर पंजाबचा नाही. गाड्या आहेत, कारखाने आहेत, बांधकामाची धूळ आहे. पण नोव्हेंबरच्या धुरात जो वाटा शेताचा आहे तो थेट रेशनच्या थैलीतून आलाय. देशाने काय पिकवायचं हे गोदाम ठरवतं आणि तुम्ही काय खायचं हे ट्विट. गोदामाने बाजरी-मका-हरभरा भातासारखाच उचलला असता तर आहारही जुना झाला असता आणि हवाही थोडी जुनी झाली असती. पण त्यात मेजवानी नाही, छायाचित्र नाही, आणि आंदोलन मात्र हमखास आहे.

हवा बिघडली की परंपरेतला पहिला बळी कोण, माहीत आहे? तंदूर. निर्देशांक २०० च्या वर गेला की हॉटेलांतल्या कोळशाच्या आणि लाकडाच्या तंदुरांवर बंदी येते. नियम योग्यच आहे, हे मीही मान्य करतो. चुलीच्या धुराने बायांचे डोळे आणि फुप्फुसं पिढ्यान्‌पिढ्या गेली. 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी लावणाऱ्या ढाबेवाल्याने एकदा ती चूल स्वतः फुंकून पाहावी. तसंच त्या नव्वद वर्षं जगलेल्या आजीचं. ती आजी प्रत्येकाच्या घरात असते, कारण ज्या आज्या तिसाव्या वर्षी बाळंतपणात गेल्या त्यांचे फोटो कुणी बरणीवर छापत नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं आणि तेव्हा सगळेच सेंद्रिय खात होते. आयुष्य वाढलं ते लसीने, औषधाने, नळाच्या पाण्याने. आणि ७२ च्या दुष्काळात ज्यांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, त्यांना ज्वारी किती पौष्टिक आहे यावर व्याख्यान देऊ नका. त्यांना ती मिळत नव्हती, एवढंच दुखणं होतं.

म्हणून जुनं जेवण वाईट असं मुळीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधल्या अभ्यासात देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले. त्यांच्यातल्या कित्येकांना भाकरी-भाजी-ताकाने भलं होईल. पण ते ताट शेत, गिरणी, मोकळा वेळ आणि अंगमेहनत यांच्यासकट येत होतं. आता चारही काढून घेऊन नुसती पाककृती दिली जाते, आणि वर विचारतात, गुण का नाही आला?

जिथे गुण येत नाही तिथे लेबल येतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दूध-तुपावरचे ए-वन, ए-टू हे दावे दिशाभूल करणारे म्हणून काढायला सांगितलं आणि पाच दिवसांत आदेश मागे घेतला. देशी गाईने एवढ्या लवकर कधी पान्हा सोडला नसेल. त्याच वर्षी पतंजलीने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, माफीचा आकार जाहिरातीएवढा आहे का? पुढची माफी मोठी छापून आली. पश्चात्तापाचा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये हिशेब झाला तो तेव्हा.

आणि या राजधानीत मराठी जेवणासाठी जो एक खराखुरा लढा झाला, त्याची नोंद करायची राहिली. त्याआधी थोडं मागे. १९९५ मध्ये युती सरकारने महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या. भाकरी थापायला माणसं लागतात आणि एक रुपयात काही उरत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी झुणक्याची पाटी राहिली आणि कढईत वडा, पुढे नूडल्स आले. पाच-एक वर्षांत योजना गुंडाळली गेली, गाळे राहिले. मग २०१३ मध्ये दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन उघडलं. २०१४ च्या जुलैत शिवसेनेचे खासदार तिथल्या उपाहारगृहात शिरले. तक्रार अशी की इथे महाराष्ट्राचं जेवण मिळत नाही, जे मिळतं ते खाण्याजोगं नसतं. तक्रार रास्त असेलही. पण त्या भरात एका खासदारांनी तिथल्या पर्यवेक्षकाच्या तोंडात घास कोंबायचा प्रयत्न केला. तो माणूस मुसलमान, रमजानचा महिना, त्याचा रोजा. चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. खासदार नंतर म्हणाले, धर्म माहीत नव्हता. धर्म माहीत नसलेल्या माणसाच्या तोंडात अन्न कोंबायची पद्धत आमच्या कुठल्या आजीच्या काळात होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

महाराष्ट्राच्या जेवणासाठी पेटलेल्या त्या हातात तेव्हा काय होतं म्हणाल, तर गव्हाची चपाती.